पाण्यातलं फक्त शिसं पकडणारा रेणू: पोकळी जुळूनही सेन्सर का फसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिण्याच्या पाण्यातलं शिसं दाखवणारा फ्लुरोसंट (प्रकाश टाकल्यावर चमकणारा) सेन्सर तुम्हाला हवा आहे. शिशाच्या आयनाचा आकार पाहून तुम्ही १८-क्राउन-६ चं (अठरा अणूंचं, त्यात सहा ऑक्सिजन असलेलं) वलय निवडलं, त्यातल्या एका ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन घेतला आणि त्या नायट्रोजनवर अँथ्रासीन हा चमकणारा भाग टांगला. अ‍ॅसिटोनायट्रिल या सेंद्रिय द्रावकात शिसं घातल्यावर रेणू छान उजळला. पण तांबं आणि पारा मध्ये येतात, आणि पाण्यात नेल्यावर तर शिसं घालायच्या आधीच तो चमकतो. पोकळी जुळत असताना असं का, आणि पुढे काय करायचं?

आधी रेणूचं चित्र बाजूला ठेवा आणि पाण्याचे आकडे मांडा. या कामात इतकी वर्षं गेल्यावर मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच करायला सांगतो, कारण निम्म्या कल्पना या कागदावरच गळून पडतात आणि सहा महिन्यांचं संश्लेषण वाचतं.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी दिलेलं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. शिशाचा अणुभार २०७, म्हणजे हे झालं साधारण ४८ नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे लिटरला मोलचा अब्जावा भाग; मायक्रोमोलर त्याच्या हजारपट, मिलिमोलर आणखी हजारपट). त्याच पाण्यात कॅल्शियम लिटरला ४० मिलिग्रॅम असणं अगदी नेहमीचं आहे, म्हणजे १ मिलिमोलर. एका शिशाच्या आयनामागे वीस हजारांहून जास्त कॅल्शियम. तुमच्या रेणूला या गर्दीतून तो एक शोधायचा आहे.

आता साध्या १८-क्राउन-६ चे पाण्यातले आकडे घ्या. शिशाशी बंधन-स्थिरांकाचा लॉग ४.२७ आहे (लॉग एकने वाढला की पकड दहापट), म्हणजे विघटन स्थिरांक, ज्याला आपण बोलताना केडी म्हणतो आणि जो जितका कमी तितकी पकड घट्ट, सुमारे ५४ मायक्रोमोलर. ४८ नॅनोमोलर शिशात हजार रेणूंपैकी एकाच्या पोकळीतही धड शिसं बसणार नाही. कॅल्शियमचा लॉग ०.५ च्या खाली आहे, दिसायला नगण्य. पण कॅल्शियम १ मिलिमोलर आहे, त्यामुळे तो हजारात तीन रेणूंपर्यंत पोहोचू शकतो. शिशाकडे हजारो पट जास्त ओढा असलेला रेणू, आणि तरी त्याच्यात शिशापेक्षा कॅल्शियम जास्त सापडण्याची शक्यता. निवडकता आणि पकडीची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी लागतात, हे मला या एका उदाहरणाइतकं स्पष्ट दुसऱ्या कशानेच दाखवता येत नाही.

आणखी एक हिशेब राहतो. समजा पकड अगदी परिपूर्ण आहे आणि तुम्ही क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत) सेन्सर १० मायक्रोमोलर घेतलात. सगळंच्या सगळं शिसं पकडलं तरी जेमतेम अर्धा टक्का रेणूंना आयन मिळेल. उरलेले साडेनव्याण्णव टक्के रिकामे. ते जरा जरी चमकत असतील तरी तुमचा सिग्नल त्यांच्या उजेडात बुडाला. म्हणून रिकामा रेणू पूर्ण काळोखा हवा आणि सेन्सर १ मायक्रोमोलर किंवा त्याहून कमी वापरायला हवा.

या सगळ्यातून तुमचं लक्ष्य ठरतं: शिशासाठी केडी साधारण ५० नॅनोमोलर, म्हणजे लॉग ७.३ च्या आसपास, आणि कॅल्शियमसाठी १०० मिलिमोलरच्या पुढे. सहा दशमानांचा, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त फरक. तो कुठून आणायचा, हा खरा डिझाइनचा प्रश्न.

पोकळीच्या आकाराबद्दल स्पष्ट बोलतो, कारण कुलूप-किल्लीचं ते चित्र आपल्या डोक्यात फार घट्ट बसलेलं आहे. पेडरसन यांनी १९६७ मध्ये क्राउन ईथर प्रसिद्ध केले, १९८७ मध्ये त्यांना क्रॅम आणि लेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत तक्ता असतो: १२-क्राउन-४ लिथियमसाठी, १५-क्राउन-५ सोडियमसाठी, १८-क्राउन-६ पोटॅशियमसाठी. आता मिथेनॉलमधली मोजमापं बघा. सोडियम १५-क्राउन-५ ला ३.२ च्या लॉगने धरतो आणि १८-क्राउन-६ ला ४.३ च्या. सोडियमची म्हणून सांगितलेली पोकळी त्याला कमी घट्ट धरते आणि पोटॅशियमची पोकळी जास्त. लवचिक वलय म्हणजे साचा नव्हे. ते मुडपतं, घडी घालतं, आयनाभोवती गुंडाळतं. दाता अणू (आयनाला इलेक्ट्रॉन जोडी देऊन धरणारे ऑक्सिजन, नायट्रोजन, सल्फर) किती, ते कोणत्या कोनातून आयनाकडे बघतात आणि त्यांना तिथे आणायला किती ऊर्जा लागते, यावर जास्त ठरतं. आकाराचा नियम खरोखर लागू पडतो तो ताठ रेणूंना. क्रॅम यांचे स्फेरँड लिथियम-सोडियम धरतात आणि पोटॅशियमला दारातही उभं करत नाहीत, कारण त्यांचे ऑक्सिजन संश्लेषणाच्या वेळीच जागेवर खिळलेले असतात. आयन आल्यावर जुळवून घेण्यासारखं त्यांच्यात काही उरलेलं नसतं.

दुसरा विसरला जाणारा खेळाडू म्हणजे पाणी. आयन कधी उघडा नसतो, पाण्याचे रेणू अंगाभोवती लपेटून असतो, आणि तुमच्या लिगँडला, म्हणजे आयन पकडणाऱ्या रेणूला, आधी ते पांघरूण काढावं लागतं. कॅल्शियमची जलयोजन ऊर्जा मोलला १,५०० किलोज्यूलच्या आसपास आहे, मॅग्नेशियमची १,८०० च्या पुढे. १८-क्राउन-६ आणि पोटॅशियम यांचा लॉग पाण्यात २.०, मिथेनॉलमध्ये ६.१. रेणू तोच, आयन तोच, फक्त द्रावक बदलला आणि पकड दहा हजार पट बदलली. म्हणून अ‍ॅसिटोनायट्रिलमधला तुमचा सुंदर आलेख पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. तिथे आयनांचं पांघरूण पातळ असतं, जवळजवळ प्रत्येक लिगँडला जवळजवळ प्रत्येक धातू चिकटतो. पहिली चाचणी बफर (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) घातलेल्या पाण्यातच करा. रेणू विरघळत नसेल तर सल्फोनेट किंवा कार्बोक्झिलेट जोडून विरघळवा. द्रावक बदलून पळवाट काढू नका.

आता फरक घडवणाऱ्या गोष्टींकडे येतो. दाता अणूंचा मृदू-कठीणपणा, पिअरसन यांनी १९६३ मध्ये मांडलेला, तुम्हाला माहीत असणार: पारा आणि चांदी सल्फरकडे धावतात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ऑक्सिजनकडे. शिसं मधल्या सीमेवर उभं आहे. शरीरात ते हीम बनवण्याच्या साखळीतल्या एका एन्झाइममध्ये, अमिनोलेव्ह्युलिनिक अ‍ॅसिड डिहायड्रेटेजमध्ये, जस्ताला हुसकावून तीन सिस्टीनच्या सल्फरांवर बसतं. म्हणून सल्फर घालावासा वाटतो, आणि ते चूक नाही. पण सल्फर घातला की पाऱ्यालाही आमंत्रण दिलं, शिवाय थायॉल हवेत ऑक्सिडाइझ होऊन डायसल्फाइड बनतात आणि आठवड्याभराने बाटलीत वेगळाच पदार्थ असतो. मी शिशासाठी सल्फरपासून लांब राहणं पसंत करतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली कल्पना रसायनशास्त्रज्ञ हॅनकॉक यांची आहे, आणि ती कॉलेजात फारशी शिकवली जात नाही. आयन दोन दाता अणूंमध्ये बसला की एक कीलेट वलय तयार होतं. ते पाच अणूंचं असेल तर त्याला ताण नसण्यासाठी धातू-नायट्रोजन अंतर २.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास लागतं, कोन ६९ अंशांचा. सहा अणूंचं असेल तर अंतर १.६ अँगस्ट्रॉम आणि कोन १०९.५ अंश. अर्थ सरळ आहे: पाचाची वलयं मोठ्या आयनांना मानवतात, सहाची लहानांना. दोन दात्यांमध्ये एक कार्बन वाढवला की अख्खी पसंती लहान आयनांकडे सरकते. शिशाची आयनिक त्रिज्या १.१९ अँगस्ट्रॉम, कॅल्शियमची १.००, जस्ताची ०.७४, तांब्याची ०.७३, सगळ्या सहा-समन्वयाच्या. तेव्हा तुमच्या रेणूतली सगळी वलयं पाचाची ठेवा आणि उदासीन ऑक्सिजन भरपूर ठेवा. जस्त-तांब्याला तिथे बसताना अवघडल्यासारखं व्हायला हवं.

तांब्याबद्दल मात्र भ्रमात राहू नका. अर्व्हिंग-विल्यम्स क्रम म्हणतो की मँगनीजपासून पुढे जाताना पकड वाढत वाढत तांब्यावर शिखर गाठते आणि जस्तावर उतरते, आणि हा क्रम लिगँड कोणताही असला तरी जवळजवळ पाळला जातो. टीपीईएन हा जस्तासाठी प्रसिद्ध कीलेटर (धातूला अनेक दात्यांनी धरणारा रेणू) जस्ताला १५.६ च्या लॉगने धरतो आणि तांब्याला २० च्या. जस्ताचे सेन्सर पेशीत चालतात कारण तिथे मोकळं तांबं जवळजवळ नसतंच. पाण्याच्या नळाला ही सवलत नाही. तिथे पाईप तांब्याचे असू शकतात आणि तांब्याचं मार्गदर्शक मूल्य लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे ३१ मायक्रोमोलर आहे. ही लढाई तुम्हाला भूमितीनेच लढावी लागेल.

तुमचा रेणू पाण्यात आधीच का चमकतो, याचं उत्तर आणि या क्षेत्रातलं माझ्या मते सगळ्यात देखणं डिझाइन एकाच गोष्टीत आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

१९८० च्या सुमारास रॉजर त्सिएन यांना पेशीतला कॅल्शियम मोजायचा होता. पेशीत मोकळा कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर, मॅग्नेशियम त्याच्या हजारो पट. ईडीटीए हा नेहमीचा कीलेटर निरुपयोगी: कॅल्शियमचा लॉग १०.७, मॅग्नेशियमचा ८.८, फरक जेमतेम दोन दशमानांचा. त्याचा भाऊ ईजीटीए मात्र कॅल्शियमला १०.९ ने आणि मॅग्नेशियमला ५.२ ने धरतो. ईजीटीएमध्ये दोन नायट्रोजनांच्या मधल्या साखळीत दोन ईथर ऑक्सिजन आहेत. आठ दाते कॅल्शियमभोवती आरामात बसतात. मॅग्नेशियम छोटा आहे, त्याला नेमके सहा दाते जवळ हवेत, आठांचा गोतावळा त्याच्याभोवती मावत नाही. निवडकता मिळाली. अडचण वेगळीच होती: ईजीटीएचे अमाइन पीएच ७ ला प्रोटॉन धरून बसतात. कॅल्शियमला आधी प्रोटॉन हाकलावा लागतो, त्यामुळे पकड पीएचबरोबर हलते आणि बंधन संथ होतं.

तुमच्या रेणूचा आजार नेमका हाच आहे. अँथ्रासीनचा उजेड नायट्रोजनच्या एकाकी इलेक्ट्रॉन जोडीने विझवलेला असतो. आयनाने ती जोडी गुंतवली की उजेड परत येतो. पण प्रोटॉनही ती जोडी तितक्याच आनंदाने गुंतवतो. पाण्यात तुमचा सेन्सर शिशाला नव्हे, पीएचला उत्तर देतो आहे.

त्सिएन यांनी ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्यामधला दोन कार्बनचा दुवा काढला आणि तिथे बेंझिन वलय बसवलं. पाचाचं कीलेट वलय पाचाचंच राहिलं, भूमिती ढळली नाही. पण नायट्रोजन आता अ‍ॅनिलिनचा, म्हणजे थेट बेंझिनला जोडलेला, झाला, त्याचं प्रोटॉनवरचं प्रेम आटलं, पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) साडेसहाच्या खाली आले. हाच बाप्टा. एकंदर पकड ईजीटीएपेक्षा घटली, कॅल्शियमचा केडी १०० नॅनोमोलरच्या आसपास आला, आणि पेशीसाठी नेमका तोच हवा होता. मॅग्नेशियमवरची निवडकता लाखपट राहिली. वर आणखी एक गोष्ट पदरात पडली: नायट्रोजनची जोडी बेंझिनच्या वलयात मिसळलेली असते, कॅल्शियम आला की ती बाजूला ओढली जाते आणि रेणूचा शोषण-वर्णपट सरकतो. पकडणारा हात आणि दिवा लावणारं बटण एकच झालं. याच गाभ्यावर १९८५ मध्ये फ्युरा-२ आला, जो ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या दोन उजेडांच्या गुणोत्तरातून कॅल्शियम वाचतो, त्यामुळे सेन्सर कमी-जास्त भरला गेला तरी मोजणी बिघडत नाही. एका दुव्याच्या बदलाने एवढं साधलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, आणि अजूनही नवीन रेणू कागदावर काढताना मी आधी बाप्टा शेजारी काढतो.

वाचन-यंत्रणेबद्दल थोडक्यात: तांबं आणि पारा फ्लुरोसन्स मारतात, एक अपूर्ण डी-कवचामुळे, दुसरा जड अणू असल्यामुळे. शिसंही जड आहे, म्हणून तेही काही प्रमाणात मारतं. त्यामुळे फ्लुरोफोर, म्हणजे चमकणारा भाग, आयनाला थेट चिकटू देऊ नका. मध्ये एक मिथिलीनचा दुवा ठेवा किंवा अ‍ॅनिलिनच्या मार्गाने जोडा. उजेड कमी होणारा सेन्सर शक्यतो टाळा, कारण उजेड कमी करायला जगात शंभर कारणं असतात.

आता चाचणीबद्दल, कारण इथे मी स्वतः पोळलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी ऱ्होडामिन या रंगद्रव्याचं स्पायरोलॅक्टम (बंद वलयाचं रूप) बनवलं होतं. बंद वलय रंगहीन, धातूने उघडलं की गुलाबी. लोहाची तिसरी अवस्था घातल्याबरोबर क्युव्हेट असा गर्द गुलाबी झाला की मी टेबलाशी उभा राहून तो उजेडाला धरून बघत राहिलो. बाकी पंधरा धातूंचे क्युव्हेट ओळीने रंगहीन. मी तीन आठवडे टायट्रेशन, म्हणजे धातू थोडा थोडा घालत मोजणी, करत होतो. मग एका सहकाऱ्याने काही न बोलता रिकाम्या सेन्सरच्या क्युव्हेटमध्ये पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला. तोच गुलाबी, तीच छटा. तिसऱ्या अवस्थेतलं लोह पाण्यात स्वतः आम्ल असतं, त्याच्या जलयोजित आयनाचा पीकेए २.२ च्या आसपास. मी बफर न घालता काम करत होतो, आणि माझा लोहाचा सेन्सर आम्लाचा निघाला. आजही या जातीच्या रेणूंवर लोह, अ‍ॅल्युमिनियम किंवा क्रोमियम यांच्या तिसऱ्या अवस्थेची निवडकता सांगितलेली दिसली की मी आधी बफर कोणता होता ते शोधतो.

अशीच दुसरी फसवी जात सॅलिसिलअल्डिहाइडपासून केलेल्या शिफ बेसची. बनवायला एक दुपार पुरते, म्हणून सगळे तिथून सुरू करतात. पण पाण्यात तो कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध फुटतो, आणि धातू लुईस आम्ल असल्याने फुटायला मदतच करतो. मग जो बदल दिसतो तो पकडीचा नसून अल्डिहाइड मोकळं झाल्याचा असतो. हे ओळखायला एकच प्रयोग पुरतो: सिग्नल आल्यावर ईडीटीए घाला. सेन्सर खरा उलटसुलट असेल तर उजेड मूळ पातळीवर परत येईल. आला नाही तर रेणू मोडला आहे, किंवा तुम्ही एकदाच वापरायचा डोसिमीटर बनवला आहे. डोसिमीटर वाईट नव्हे; फक्त त्याला बंधन-स्थिरांक लावू नका.

निवडकतेचा तो नेहमीचा स्तंभालेख, ज्यात प्रत्येक धातूचा एकेक समतुल्य (सेन्सरच्या रेणूंइतकेच आयन) वेगवेगळा घातलेला असतो, त्याने मला काहीच पटत नाही. कॅल्शियम १ मिलिमोलर, मॅग्नेशियम त्याच्या निम्मं, सोडियम काही मिलिमोलर, जस्त आणि तांबं काही मायक्रोमोलर, हे सगळं एकत्र असलेल्या पाण्यात ५० नॅनोमोलर शिसं घाला आणि मग फरक दाखवा. केडी मोजताना सेन्सरची संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, केडीपेक्षा बरीच कमी ठेवा. जास्त असेल तर आलेखातून फक्त समतुल्यबिंदू (सगळे रेणू कधी भरले ते) कळतो, पकड कळत नाही. फॉस्फेट बफर शिशासाठी वापरू नका, शिसं गाळ होऊन खाली बसेल. ट्रिस हा बफर तांब्याला बांधतो, हेपीस बफर बरं. क्षारांमध्ये परक्लोरेट सोयीचे वाटतात, पण सेंद्रिय लिगँडबरोबरचे परक्लोरेट कोरडे करताना फुटू शकतात; नायट्रेट घ्या. आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम त्रास देत असतील तर सगळं ओझं रेणूवर टाकू नका, नमुन्यात थोडं फ्लोराइड घालून त्यांना झाकता येतं. जुन्या विश्लेषण-रसायनाच्या माणसांना हे तोंडपाठ होतं.

तुमच्या रेणूचं पुढे काय, तर वलय टाकू नका. १८-क्राउन-६ च्या समोरासमोरच्या दोन ऑक्सिजनांच्या जागी नायट्रोजन घ्या आणि त्या दोघांवर मिथिलीनमार्फत पिकोलिनेटचे दोन हात लावा, म्हणजे प्रत्येक हातात एक पिरिडिन नायट्रोजन आणि एक कार्बोक्झिलेट. हा लिगँड मॅक्रोपा नावाने ओळखला जातो. कॅल्शियमच्या तुलनेत शिशाची त्याची निवडकता प्रचंड असल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आहे, आणि आज तो अ‍ॅक्टिनियम-२२५ सारख्या मोठ्या आयनाला शरीरात घट्ट धरून ठेवण्यासाठी वापरला जातो. वरचं सगळं त्यात दिसेल: दहा दाते, सगळी वलयं पाचाची, दोन ऋणभार, लहान आयनांना अवघड जागा. त्यातले अमाइन मात्र अजून साधेच आहेत, प्रोटॉन धरणारे. म्हणून दिवा त्या नायट्रोजनच्या भरवशावर ठेवू नका. तो पिरिडिनच्या चौथ्या स्थानावरून जोडा, जिथे आयन आल्याने वलयाची इलेक्ट्रॉन-ओढ बदलते. पीएच ५ ते ८ मध्ये रिकाम्या रेणूचा उजेड आधी मोजा. तो सपाट आला तर शिसं घाला, आणि त्याच दिवशी शेजारच्या क्युव्हेटमध्ये ३१ मायक्रोमोलर तांबंही घाला. तो आकडा आला की कळवा, हातांची लांबी बदलायची की नाही ते त्यावरून ठरवू.